दरबार गेला, पोळी राहिली

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या बसमध्ये बसलं की तासाभराच्या आत ओरत्तनाडू येतं. तालुक्याचं गाव. बसस्टँड, भाजीबाजार, खताची दुकानं, मोबाइलवाले, आणि या सगळ्यात एक लांबरुंद दगडी इमारत. गावकरी तिला 'सत्तिरम' म्हणतात. आपण अन्नछत्र म्हणतो त्यातलंच हे छत्र. त्याचं पूर्ण नाव मुक्तांबाळ छत्र, आणि त्यावरून ओरत्तनाडूलाही मुक्तांबाळपुरम असं दुसरं नाव पडलं. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले यांनी ते १८०२ च्या सुमारास बांधलं. मुक्तांबा ही त्यांची लग्नाची राणी नव्हे. राजांचा जिच्यावर जीव होता अशी ती बाई. मरताना तिनं 'माझ्या नावानं छत्र बांधा' एवढंच मागितलं, अशी हकीकत सांगतात. ताजमहालाची आठवण काढायचा मोह इथं भल्याभल्यांना होतो. तो आवरावा, कारण ताजमहाल काही वाटसरूंना जेवू घालण्यासाठी बांधलेला नव्हता.

महाराष्ट्रातून गेलेला माणूस तंजावरात बुरूज, तोफ आणि भगवा शोधत फिरतो. शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचं राज्य म्हटल्यावर दुसरं काय शोधणार? दोन दिवस फिरून तो थोडा हिरमुसतो. राजवाड्यात चित्रांना दिवे कमी, गाइड तमिळ आणि इंग्रजीत बोलणारा, आणि ज्याच्या तोंडून मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं तो पुढच्या वाक्याला तमिळवर घसरलेला. मीही पहिल्या खेपेला असाच परतलो होतो. पुढच्या खेपांमध्ये हळूहळू लक्षात आलं की आपण चुकीच्या ठिकाणी पाहत होतो. दरबाराच्या टेकूनं जे उभं होतं ते दरबाराबरोबर गेलं. शेजारच्या तमिळ माणसानं जे आपलं म्हणून उचललं, आणि घरातल्या बाईनं जे चुलीपाशी धरून ठेवलं, ते टिकलं. तंजावरी मराठ्यांवर आपण जे लिहितो ते बहुतेक पहिल्याबद्दलच असतं.

आधी राज्याची गोष्ट, थोडक्यात. तंजावरला नायकांचं राज्य होतं. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकानं ते बुडवलं, विजयराघव नायक लढताना पडला. नायकांच्या वारसाला गादीवर बसवण्यासाठी विजापूरच्या आदिलशहानं शहाजीराजांचा मुलगा व्यंकोजी यांना धाडलं. त्यांनी मदुरेकरांना हुसकलं आणि १६७५-७६ च्या सुमारास गादी स्वतःकडेच ठेवली. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले, तेव्हा कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीला दोघे भाऊ भेटले. वडिलांच्या जहागिरीची वाटणी हा विषय. भेटीतून काही निघालं नाही, व्यंकोजी रातोरात निघून गेले, आणि पुढं लढाईही झाली. शेवटी समेट झाला त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा मोठा वाटा. बंगळूर महाराजांनी त्यांना चोळीबांगडीसाठी लावून दिलं. आज कोणाला सांगितलं तर थट्टा वाटेल, पण बंगळूर एके काळी भावजयीच्या चोळीबांगडीचं गाव होतं.

व्यंकोजींनंतर शहाजी, पहिले सरफोजी, तुळजाजी, मग दोनतीन वर्षांत चारदा गादी बदलण्याचा गोंधळ, मग १७३९ ते १७६३ प्रतापसिंह, मग दुसरे तुळजाजी. यांच्या काळात १७७३ ते १७७६ अशी तीन वर्षं राज्य अर्काटच्या नवाबाच्या हातात होतं. त्यानंतर वारसाहक्काचा वाद, आणि १७९८ मध्ये इंग्रजांच्या मदतीनं दुसरे सरफोजी गादीवर. मदतीची किंमत पुढच्याच वर्षी वसूल झाली. १७९९ च्या तहानं सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख, शिवाय वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी मुलगा नसताना वारले आणि संस्थान खालसा झालं. कंपनीनं राजवाड्यातली खासगी मालमत्ताही सील केली. थोरल्या राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या, मद्रासला जिंकल्या, आणि १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरल्या. हे सरकारच्या सार्वभौम सत्तेचं कृत्य, त्यावर कोर्टाला बोलता येत नाही, असा तो निकाल. कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात. मालमत्तेचा काही भाग पुढं राण्यांना परत मिळाला. शस्त्रागाराचं मात्र वाईट झालं: काही हत्यारं मद्रासच्या संग्रहालयात पोचली, बरीचशी भंगारात.

म्हणजे एकूण जेमतेम १८० वर्षं. त्यातली शेवटची छप्पन्न तर राज्याविना राजेपणाची. आणि तंजावरचं जे नाव आज घेतलं जातं ते बरंचसं याच छप्पन्न वर्षांतलं आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. सैन्य नाही, वसूल नाही, फौजदारी नाही. हातात पैसा आहे आणि रिकामा वेळ आहे. दुसऱ्या एखाद्या राजानं शिकारी केल्या असत्या.

सरफोजी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकले. इंग्रजी उत्तम. सरस्वती महाल हा नायकांच्या वेळचा ग्रंथसंग्रह त्यांनी इतका वाढवला की आज तिथं पन्नास हजारांच्या घरात हस्तलिखितं आहेत. त्यात बहुतांश संस्कृत, आणि मराठी तीन हजारांवर. १८२० ते १८२२ च्या काशीयात्रेत त्यांनी पोथ्या गोळा केल्या आणि नकला करवून आणल्या. धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा चाले, आणि डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणं ठेवली जात. ती टिपणं अजून आहेत. 'नवविद्याकलानिधी' नावाची शाळा होती आणि छापखाना होता. १८०६ मध्ये सख्खण पंडितानं इसापाच्या गोष्टींचं मराठी केलं, ते 'बालबोध मुक्तावली' याच छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं. मुंबईत त्या वेळी मराठी पुस्तक छापायला सुरुवातही झाली नव्हती. पेशवाई अजून शिल्लक होती आणि पुण्यात पोथ्या हातानंच लिहिल्या जात होत्या.

मराठी वाचकाला हा भाग आवडतो, मलाही आवडतो. शिवाय नाटकं आहेत. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, तो आपला रंगभूमी दिन. पण तंजावरच्या शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठी नाटकं लिहिली, 'लक्ष्मीनारायण कल्याण' त्यातलंच. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात तर पात्रं पाच भाषांत बोलतात. प्रतापसिंहांनीही मराठी नाटकं लिहिली. सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली, त्यात कुरव जातीची भविष्य सांगणारी बाई जगाचा भूगोल सांगते. कुरवंजी हा साचा तमिळ, भाषा मराठी, मजकूर युरोपीय नकाशातला. भरतनाट्यमच्या बांधणीत बसणाऱ्या मराठी रचनांचा त्यांचा संग्रहही छापलेला आहे, 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' हे त्याचं नाव. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चौघा भावांनी ज्या दरबारात भरतनाट्यमचा आजचा क्रम घडवला, तो हाच दरबार.

पण यातलं काय उरलं? पोथ्या आहेत, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मोडी दफ्तराचे हजारावर रुमाल आहेत, आणि तंजावरात मोडी सहज वाचणारा माणूस शोधावा लागतो. मराठी नाटकांचे प्रयोग थांबले. भाव्यांना त्यांचा पत्ताही नव्हता, त्यामुळे 'पहिलं मराठी नाटक कोणतं' हा आपला लाडका वाद मला थोडा पोकळ वाटतो. ज्या नाटकाची पुढची पिढी झाली नाही ते पहिलं कसं म्हणायचं? छापखान्याचंही तेच. बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्येच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. लांबीला त्याला तोड नाही असं म्हणतात. हजारो माणसं रोज त्या भिंतीपासून जातात, सेल्फी घेतात, आणि ही कुठली लिपी असं एकमेकांना विचारतात. दगडावर कोरलं म्हणून टिकलं खरं, पण वाचलं जाईना.

आता पुन्हा छत्राकडे. काशीहून रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट तंजावरवरून जात असे. रामेश्वराला गंगेचं पाणी घालायचं आणि सेतूची वाळू प्रयागला न्यायची, ही यात्रा महाराष्ट्रातल्या माणसाच्या आयुष्याची इतिकर्तव्यता. तंजावरच्या पुढं हिरवा त्रिभुज प्रदेश मागं पडतो. ओरत्तनाडूचा भाग आज कल्लणै कालव्याच्या पाण्यावर भिजतो, पण तो कालवा विसाव्या शतकातला. दोनशे वर्षांपूर्वी हा मुलूख पावसाच्या भरवशावरचा, वाट उन्हाची, आणि समुद्रकाठ अजून लांब. म्हणून या वाटेवर राजांनी छत्रांची ओळ लावली. त्यांची नावं पाहा: मुक्तांबाळ, यमुनांबाळ, द्रौपदांबाळ, राजकुमारांबाळ. बायकांची नावं, आणि त्यांतल्या काही नाटकशाळा. तख्ताच्या वंशावळीत ज्यांना जागा नाही त्यांची नावं रस्त्यावर, पांथस्थांच्या तोंडी. समुद्राकडे याच वाटेवर सेतुभावाछत्रम नावाचं गाव आहे. त्या नावातले सेतुबावा रामदासी परंपरेतले गोसावी.

१८०१ च्या सुरुवातीला, कंपनीचे हात या छत्रांपर्यंत पोचू नयेत म्हणून, सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिलं. तंजावरचा आत्मा कुठं होता असं कुणी विचारलं तर मी त्याला हे पत्र दाखवीन. छत्रात कुणाला काय मिळतं ते राजे त्यात तपशिलानं सांगतात. ब्राह्मणापासून पारियापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, येईल त्याला शिजवलेला भात. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा, मसाल्यासकट. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालतं. मध्यरात्री घंटा वाजते आणि पुकारा होतो: जेवायचं कोण राहिलंय, या. वाटेत आजारी पडलेल्यासाठी वैद्य आहे. साप चावला तर उतारा देणारा आहे. बाळंत झालेल्या बाईची सोय आहे, पोरांना शिकवायला पंतोजी आहे. राज्य गेलेला तेवीस वर्षांचा राजा परक्या अधिकाऱ्याला हे सगळं लिहून कळवतो, आणि एवढं तरी माझ्याकडे राहू द्या म्हणतो. तोफांबद्दल तो तसं म्हणत नाही.

छत्रं राहिली. मराठी त्यात होती कागदोपत्री, हिशेबापुरती. जेवणाऱ्यांना मराठी येण्याची गरज नव्हती. कदाचित म्हणूनच छत्रं राहिली. आजही तंजावरच्या कलेक्टर कचेरीत छत्रांचा कारभार पाहणारा वेगळा विभाग आहे, आणि छत्रांच्या जमिनींच्या उत्पन्नातून शाळा आणि वसतिगृहं चालत आली. ओरत्तनाडूच्या छत्राचा उपयोगही पुढं मुलांच्या शिक्षणासाठी झाला.

इथून तंजावरी सणांकडे वळलं की तोच धागा हातात येतो. तंजावरी मराठी म्हणजे एक जात नव्हे. देशस्थ ब्राह्मण आहेत, त्यांना तमिळ लोक 'रायर' म्हणतात. मराठा सरदारांची घराणी आहेत. तमिळनाडूत इतरत्र नामदेव शिंपी आहेत, भावसार आहेत, त्यांच्या येण्याच्या कथा निराळ्या. या सगळ्यांना धरून ठेवणारा पहिला दोर पंचांगाचा. तमिळ शेजारी सौरमान पाळतो, त्याचं वर्ष एप्रिलच्या मध्यावर चित्तिरै महिन्यानं सुरू होतं. तंजावरी घर चांद्रमानावर चालतं, त्याचं वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला. पण पाडवा या शब्दापेक्षा 'युगादी' तिथं जास्त ऐकू येतो, कारण तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांचा तोच शब्द. थोडक्यात, घरात नवं वर्ष दोनदा येतं आणि दोन्ही वेळा गोड होतं. याबद्दल तक्रार करणारं कुणी मला भेटलेलं नाही.

नवरात्रात घटस्थापना आहेच, पण तिच्या शेजारी पायऱ्या मांडून बाहुल्यांचा कोलूही असतो. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला सुंडल मिळतं, म्हणजे वाफवून फोडणी दिलेले हरभरे. नरकचतुर्दशीचं पहाटेचं अभ्यंग दोन्हीकडे सारखंच, तिथं काही जुळवावंच लागलं नाही. भाद्रपदातल्या गौरी, कुळातला देवीचा गोंधळ, खंडोबाची चंपाषष्ठी हे कुळाचार ज्या घरांत टिकले तिथं ते सासूकडून सुनेकडे आले, पुरोहिताकडून नव्हे. लग्नात अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं म्हणतात, आणि लगेच नवरानवरीला तमिळ रीतीनं झोपाळ्यावर बसवतात. शुद्ध काय आणि मिसळलेलं काय हा प्रश्न मांडवात कुणाला पडत नाही. तो आपल्याला पुण्याला परतल्यावर पडतो.

घराबाहेरच्या सणांत माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लावणी. हो, लावणी. होळीच्या सुमाराला, मासी महिन्यात, तंजावरकडच्या गावांत 'कामन पंडिगै' असते, म्हणजे कामदेवाचा सण. शंकरानं तिसरा डोळा उघडून मदनाला जाळलं, त्याची आठवण. गावात मदनाचा खांब रोवतात आणि पुनवेला जाळतात. त्या रात्री दोन फड समोरासमोर बसतात. एक 'जळला' पक्ष, दुसरा 'न जळला' पक्ष. मदन जळला की नाही यावर रात्रभर गाण्यातून वाद. एकानं पुराणातला दाखला टाकायचा, दुसऱ्यानं तो मोडून उलट कोडं घालायचं, तिसऱ्या कडव्याला समोरच्याच्या उच्चारावर घसरायचं, की लोक हसून लोळतात. हातात डफ, जोडीला तुणतुणं. भाषा अथपासून इतिपर्यंत तमिळ. या प्रकाराला तमिळमध्ये 'लावणी' असंच नाव आहे.

आपल्या कलगीतुऱ्याचं हे धाकटं भावंड. कलगीवाले शक्तीचे, तुरेवाले शिवाचे, थोर कोण यावर सवालजवाब. मराठी फडकऱ्यांबरोबर हा साचा दक्षिणेत गेला, आणि तिथल्या गायकांनी त्यात स्वतःचा सण, स्वतःचा देव आणि स्वतःची भाषा भरली. पुढं पक्षांच्या प्रचारातही लावणी वापरली गेली. गाणाऱ्यांतल्या बहुतेकांना मराठीचा एक शब्द येत नाही. महाराष्ट्रात कलगीतुरा आज हौशीनं जपावा लागतो. तंजावरचा फड त्याच्या मराठीपणाची फिकीर न करता चालू राहिला. पायाला लाकडी दांडे लावून, कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून नाचण्याचा 'पोय्क्काल कुदिरै' हा खेळही मराठ्यांच्या काळात तिथं रुजला असं मानतात.

कीर्तनाचीही तीच गत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला आले आणि त्यांच्या कीर्तनांनी शहर वेडं झालं. ते ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेचं रूप घडवलं. पूर्वरंग, निरूपण, टाळ, मागं साथ, सगळा आपला नारदीय थाट. साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या या वृत्तांची नावं तमिळ भागवतर अजून मराठीतच घेतात. तमिळनाडूच्या भजनी मठांत तुकोबांचे अभंग म्हटले जातात ते वेगळंच. रामदासींचे मठ तर व्यंकोजींच्या काळापासूनचे, भीमस्वामी तंजावरकर हे समर्थांच्या शिष्यांपैकी. सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरच्या अंध कारागिरानं घडवल्या आणि समर्थांच्या निर्वाणाआधी पाच दिवस गडावर पोचल्या, असं परंपरा सांगते. खरंखोटं देव जाणे, पण दोन मुलखांमधली ये-जा किती सवयीची होती ते त्यातून कळतं.

ही ये-जा उलट दिशेनंही झाली, त्याकडे आपलं कमी लक्ष जातं. १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे, आणि १८७५ पासून बडोद्याचे. महाराज सयाजीरावांचं पहिलं लग्न तंजावरच्या राजघराण्यात झालं. नवरीबरोबर भरतनाट्यमच्या नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, बडोद्याला आले आणि तंजोरकर या आडनावानं तिथलेच झाले.

आता स्वयंपाकघर. सांबाराचा जन्म तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात झाला, संभाजीराजे पाहुणे आले होते, आमसुलं संपली होती, म्हणून चिंच घातली, ही गोष्ट आता प्रत्येक हॉटेलच्या मेन्यूकार्डावर असते. गोष्ट झकास आहे, पण तिला पुरावा नाही. शहाजी गादीवर आले १६८४ मध्ये, त्या वेळी संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते. आमटी खायला कावेरीकाठी जायची उसंत त्यांना कुठली? शिवाय मसाल्याची सामग्री या अर्थानं 'संभार' हा शब्द जुनाच आहे. खोट्या गोष्टीनं मिरवायची गरज नाही, मिरवण्यासारखं खरं तंजावरकडे भरपूर आहे. 'भोजनकुतूहल' लिहिणाऱ्या रघुनाथ नवहस्तांना दीपाबाईंचा आश्रय होता. सरफोजींच्या मुदपाकखान्याची पाककृतींची पोथी सरस्वती महालानं छापली आहे.

आणि चुलीवरचं तर बघाच. तंजावरी घरात 'डांगर पच्चडी' करतात. उडदाचं भाजलेलं पीठ ताकात कालवायचं, मीठ, हिरवी मिरची, वरून हिंग-मोहरीची फोडणी. अर्धं नाव आपलं, अर्धं तमिळ, आणि पदार्थ आपल्याकडच्या डांगराचाच. पीठ आधी थोड्या ताकात गुठळ्या मोडून घ्यायचं, मग उरलेलं ताक. हा क्रम चुकला तर लापशी होते, हे मला स्वतःच्या हातानं कळलं. गोळ्यांचं सांबार आहे, पिठलं आहे, आंबट भाजी आहे. रसवांगी तर आता सर्रास तमिळ घरांत होते, आणि त्यातलं 'वांगी' म्हणजे वांगी हे करणारीला ठाऊक नसतं. मिठाईच्या दुकानात 'पोळी' मागितली की पुरणपोळीच मिळते. तमिळ पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिकेला 'अट्टवणै' म्हणतात, ती म्हणजे आपली 'आठवण', असं तमिळ कोशकार सांगतात. समुद्राकाठी सरफोजींनी १८१४ च्या सुमारास नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ मजल्यांवर मजले चढवून बुरूज बांधला. कोळी तो खुणेला धरून नावा हाकत आले, आणि त्याला म्हणतात 'मनोरा'. इंग्रजांच्या विजयाचं स्मारक, मराठी शब्द, तमिळ कोळी.

नायजेरियातल्या एडो लोकांचा इतिहास वाचताना मला तंजावर आठवत राहतं. त्यांचं बेनिनचं राज्य इंग्रजांनी १८९७ मध्ये मोडलं, ओबा म्हणजे राजाला हद्दपार केलं, राजवाड्यातले पितळी पट आणि मूर्ती लुटून नेल्या. त्या लंडन-बर्लिनच्या संग्रहालयांत गेल्या, आणि परत मागण्याचं भांडण अजून चालू आहे. पण १९१४ मध्ये ओबाच्या मुलाला गादी परत मिळाली, आणि दरवर्षी डिसेंबरात इगुए उत्सवात ओबा आजही प्रजेसाठी विधी करतो. तिथं वस्तू गेल्या आणि गादी राहिली, त्यामुळे सण गादीभोवती राहिला. तंजावरात उलट झालं. पोथ्या जागेवर राहिल्या, गादी गेली, आणि सण पांगले: काही घरात शिरले, काही तमिळ गल्लीत. भोसल्यांचे वंशज आजही राजवाडा देवस्थानच्या ८८ देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत, बृहदीश्वर त्यातच. देवळांत सण होतात ते मात्र तमिळ आगमांप्रमाणे, आणि मराठी विश्वस्ताला तिथं परकं वाटत नाही.

भाषेचं काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर सुखाचं नाही. घरात बोलणारे आहेत, पण मुलं शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात. देवनागरी अनेकांना येत नाही, म्हणून मराठी तमिळ लिपीत लिहितात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर. ट आणि ड यांनाही एकच. वाचणाऱ्यानं संदर्भावरून काय ते ओळखायचं.

तंजावरात एका काकूंनी मला त्यांच्या सासूबाईंची पाककृतींची वही दाखवली. तमिळ अक्षरं, पानं तेलकट, आणि मी अडखळत एकेक अक्षर लावत होतो. एका पानाच्या डोक्यावरचा शब्द मला कोड, खोड, गोड, घोड असा काहीही वाचता येत होता. मी तसं म्हटलं. काकूंनी वही माझ्या हातातून काढून घेतली, चष्मा न लावताच पानावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "पुरणाच्या पानावर कोड कशाला लिहील कुणी? गोड आहे ते. खाली गूळ किती ते बघा, आणि मोजून घ्या, सासूबाईंचं माप मोठं असायचं."